राकेशने नाव घेतलं नाही

कोन गावात राकेश नावाचे निदान सात जण असतील. पण नुसतं ‘राकेश’ म्हटलं की कल्याण-भिवंडी रस्त्याच्या दोन्ही अंगाला एकच माणूस डोळ्यांसमोर येतो. राकेश वायरमन. दामू भालेरावांचा थोरला. अंगाने काटकुळा, खिशाला टेस्टर, आणि काम करताना डावा हात कायम पाठीमागे. लाइनीवर काम करताना दुसरा हात कुठे टेकवायचा नाही, हे आयटीआयमध्ये सगळ्यांनाच शिकवतात. पाळतो हा एकटा. ‘तारेवर आकडा टाकून दे’ म्हणणाऱ्याला तो लांबूनच हात जोडतो, आणि ज्या घरात अर्थिंग धड नाही तिथे साधा पंखाही लावून देत नाही. बायका त्याला कटकट्या म्हणतात, आणि घरात काही ठिणगी उडाली की त्यालाच हाक मारतात.

देवेश पाटील त्याला शाळेपासून ओळखतो. देवेशच्या वडिलांची, केसरीनाथ पाटलांची, शेजारच्या पूर्णा गावात भातशेती होती; आता तिथे गोदामं आहेत आणि त्यांचा कारभार देवेश पाहतो. त्याच्या ऑफिसात दिवसभर माणसं येतात-जातात, मोठमोठ्या गाड्यांतून उतरतात. पण सगळ्यांत धीराचा माणूस कोण पाहिलास असं कोणी विचारलं, तर आज देवेश क्षणाचाही विचार न करता राकेशचं नाव घेतो. मधली पंधरा वर्षं मात्र ते नाव त्याच्या घशात अडकून बसलं होतं.

दोघं बावीस वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. केसरीनाथ पाटलांचं पहिलं गोदाम उभं राहत होतं. वायरिंगचं काम राकेशने घेतलं; लायसन हातात आल्यावरचं पहिलं मोठं काम. सामानावर लक्ष ठेवायला बापाने देवेशला पाठवलं. हिवाळ्याचे चार महिने दोघं त्या पत्र्याखालीच होते. सकाळी राकेश शिडीवर, देवेश खाली वायरीची वेटोळी सोडतोय. दुपारी कलावतीबाईंच्या, म्हणजे राकेशच्या आईच्या डब्यातली भाकरी दोघांत. हळूहळू देवेशला कळलं, की आपण सकाळची वाट पाहतो. शिडीवरचा माणूस खाली उतरला की आपल्याला बरं वाटतं.

त्या चार महिन्यांत दोघांमध्ये जे झालं, त्याला मैत्री म्हणून भागायचं नाही. सुरुवात कोणी केली हे आज दोघांनाही सांगता येत नाही. देवेशच्या मनात आधी नुसतं कुतूहल होतं. काय असतं ते बघू तरी. पण कुतूहल चार दिवसांत फिटतं. हे चार महिने टिकलं, म्हणजे त्यात जीवही गुंतला होता, हे तो आता कबूल करतो.

काम संपलं आणि देवेश घाबरला. बापाची भीती, गावाची भीती, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची. शेवटच्या दिवशी मीटरच्या खोलीत त्याने एकदाचं बोलून टाकलं, “राकेश, झालं ते झालं. हे वयच तसं असतं. आता बास.”

राकेश स्क्रू आवळत होता. आवळून झाला, मग वळला. “तुझं वय असेल, देवा. माझं तसं न्हाय. मी शाळेत होतो तवापासून मला म्हाईत हाय.”

“म्हणजे मी खोटा?”

“असं कुठं म्हटलं मी? तुझं आलं, गेलं. माझं जाणारं न्हाय. दोन्ही खरं असू शकतं.”

दोन वर्षांनी देवेशचं लग्न झालं. उन्नती भिवंडीतच शिकलेली, बोलायला रोखठोक. तिच्यावर त्याचा मनापासून जीव बसला. त्यात ओढूनताणून काही नव्हतं. मग त्याला वाटायला लागलं, की गोदामातले ते चार महिने म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या तरी आयुष्यातले असावेत. राकेश लग्नाच्या मांडवाला रोषणाई करून गेला, पंगतीत जेवला, उन्नतीला ‘वहिनी’ म्हणाला. त्याच्या तोंडून कधी एक वाकडा शब्द निघाला नाही.

राकेश अठ्ठावीसचा झाला तेव्हा कलावतीबाईंनी हाय खाल्ली. बरोबरीच्या पोरांची मुलं शाळेत जायला लागली होती. पडघ्याचं एक स्थळ आलं. दिपाली नाव, बारावी शिकलेली, एका डॉक्टरच्या दवाखान्यात काम करणारी. राकेशने नाही म्हणून बघितलं, पण आई रडायला लागली, तेव्हा तो उठला. “बघायला जातो,” म्हणाला. गाडी देवेशची. पुढे राकेश, मागे त्याचे वडील दामूकाका आणि कलावतीबाई.

चहापाणी झालं. पोह्यांच्या बशा फिरल्या. राकेशने मुलीच्या वडिलांना विचारलं, “आम्ही दोघं जरा बोललो तर चालेल काय?” दोघं मागच्या अंगणात गेले. दहा मिनिटांनी परतले. दिपाली सरळ आपल्या वडिलांपुढे उभी राहिली.

“बाबा, माणूस चांगला आहे. पण मला एवढ्यात लग्न नाही करायचं. मला नर्सिंगला जायचंय.”

तिचे वडील ओशाळले, कलावतीबाईंचा चेहरा पडला.

अंगणात काय बोलणं झालं ते राकेशने देवेशला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याने मुलीला काहीही आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की मला बाईमाणसाची ओढ नाही, पुरुषाची आहे. तुमच्याशी लग्न केलं तर तुमचं आयुष्य फुकट जाईल. मी नाही म्हटलं तर लोक म्हणतील मुलीत खोट असेल. म्हणून नकार तुम्ही द्या. काहीही सांगा. हात काळे आहेत म्हणा, घर लहान आहे म्हणा.

“मग ती काय म्हणाली?” देवेशने विचारलं.

“म्हणाली, खोटं कशाला सांगू? मला खरंच शिकायचंय. इतके दिवस बोलायची हिंमत न्हवती. तुम्ही एवढं बोललात, तर मला एवढं बोलायला काय झालं?”

दिपाली पुढे नर्स झाली. राकेशला ती आजही भाऊबीजेला फोन करते.

पण पडघ्याहून परतलेल्या दिवशी राकेश नुसता गप्प बसला नव्हता. मुलीला सांगितलं आणि आईबापाला नाही, हे त्याच्या मनाला पटेना. चहा ठेवायला निघालेल्या आईला त्याने थांबवलं आणि दोघांपुढे बसून सगळं सांगितलं. कलावतीबाईंचा पहिला प्रश्न होता, “पोलीस धरतील काय रं तुला?” तेव्हा कायद्याने तो गुन्हाच होता. राकेश म्हणाला, “धरले तर धरले, आये. पण एका पोरीला फसवलं न्हाय.”

दामूकाका उठून बाहेर गेले ते अकरा दिवस पोराशी बोलले नाहीत. तीस वर्षं पॉवरलूमवर काढलेला माणूस. खटाखट आवाजाने एक कान निकामी झालेला. बोलणं आधीच कमी. कलावतीबाई शेजारच्या पुतळाबाईंकडे जाऊन रडून यायच्या, कशासाठी ते न सांगता. बाराव्या दिवशी दामूकाका बुद्धविहारातून आले, पोराच्या ताटासमोर आपलं ताट ओढून बसले आणि म्हणाले,

“आपल्या बापजाद्यांना लोकांनी एका शब्दात वळखलं. तो शब्द ऐकला की माणूस बघायची गरजच न्हाय, पाणी लांबूनच वाढायचं. त्या शब्दातून भाईर पडायला आपल्याला किती पिढ्या लागल्या? आनि मी माझ्या पोराला एका शब्दात कोंबू? जेव.”

चार वर्षांनी कोर्टाचा निकाल आला, तेव्हा दामूकाकांनी विहारातला पेपर मागून घरी आणला. कलावतीबाईंना वाचता येत नव्हतं. दामूकाकांनीच बातमीवर बोट ठेवून सांगितलं, “आता न्हाय धरणार पोलीस.” तो पेपर अजून कलावतीबाईंच्या पेटीत आहे.

हे सगळं देवेश लांबून पाहत होता. राकेश सांगायचा, तो ऐकायचा, आणि घरी गेला की टीव्ही मोठा करायचा.

मग नवशा आला. पडघ्याला ट्रकांवर नावं नि नक्षी रंगवणारा पेंटर. एका गॅरेजचं वायरिंग करताना राकेशची त्याच्याशी ओळख झाली. हा गडी गप्पिष्ट, राकेश अबोल, दोघांचं जमलं. दोन-तीन वर्षांत राकेश शनिवार-रविवार पडघ्यालाच दिसायला लागला. कोनच्या कुणीतरी बाजारात दोघांना भाजी घेताना पाहिलं, कुणीतरी राकेशला तोंडावर विचारलं, आणि राकेशने जे आहे ते सांगितलं. लपवायचं नाही, आणि दवंडीही पिटायची नाही, ही त्याची रीत.

गावात कुजबुज सुरू झाली. काही घरांनी त्याला बोलावणं बंद केलं. काही म्हणाले, “कारागीर चांगला हाय, आपल्याला काय करायचंय?” हे दुसरं बोलणारे आपण मोठे उदार आहोत अशा समजात होते. राकेश एकदा देवेशला म्हणाला, “आणि कारागीर वाईट असतो तर? मग हाकललं असतं काय?”

त्यातच देवेशच्या धाकट्या बहिणीचं, मृणालीचं लग्न ठरलं. पाटलांकडची हळद म्हणजे गावजेवणच. मांडव आठ दिवस आधीच ठरलेला, रोषणाई नेहमीप्रमाणे राकेशची. हळदीच्या आदल्या दुपारी राकेश शिडीवर माळा जोडत होता. खाली खुर्च्या टाकून केसरीनाथ पाटील आणि भावकीतली पाच-सहा मंडळी बसली होती. त्यांत विठूकाका, देवेशचे चुलतचुलते. जिभेला हाड नसलेला माणूस.

“आरं राकेश,” विठूकाकांनी खालून हाक दिली, “पडघ्याला कोण हाय तुझा?”

राकेश खाली उतरला. शिडीवरून कुणाला उत्तर देणं त्याला बरं वाटलं नसावं. “नवशा हाय, काका. पेंटर. आम्ही दोघं सोबतीनं राहणार हाय.”

“म्हंजे खरंच हाय ते!” विठूकाका मांडीवर थाप मारून हसले. “मग हे एकट्याला होत न्हाय. गावातला आणखी कोण होता तुझ्यासंगं? नाव सांग. आमची पोरं सांभाळायला बरी.”

देवेश दहा पावलांवर उभा होता, हातात पाण्याच्या बाटल्यांचा खोका. राकेश म्हणाला,

“माझं मी सांगितलं. दुसऱ्याचं सांगायचा हक्क मला न्हाय.”

“म्हंजे हाय कोणतरी!”

“असेल, नसेल. तुम्ही मला काय बी म्हणा. नाव मिळायचं न्हाय.”

विठूकाकांची नजर फिरता फिरता देवेशवर आली. “काय रं देवेश, तू तर चार महिने याच्यासंगं गोदामात होतास. तुला काय कळलं न्हाय?”

आणि देवेश हसला. त्या हसण्याची त्याला आजही लाज वाटते. “मला काय म्हाईत, काका? मी आपला सामान द्यायला जायचो.”

सगळे हसले. राकेशने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं देवेशला वाटतं. निदान काहीतरी फिटलं असतं. तो परत शिडीवर चढला, डावा हात पाठीमागे घेतला आणि राहिलेले सगळे जोड एकेक करून पक्के केले. एकही सोडला नाही. मग उतरून पाटलांपुढे आला.

केसरीनाथ पाटील त्याच्याकडे न बघता म्हणाले, “उद्या तू नको येऊ. काय लागलं तर दुसऱ्याला बोलवू.”

“बरं, काका,” राकेश म्हणाला. “फक्त जनरेटरवर घ्यायच्या आधी मेन बंद करायला सांगा, जो कोण येईल त्याला. मी पट्टी चिकटवून लिहून ठेवलंय.” आणि हत्यारांची पिशवी उचलून निघून गेला.

हे सगळं ओट्यावर बसून तांदूळ निवडणाऱ्या उन्नतीने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात घाई उडाली होती. देवेश वरच्या खोलीत गेला. उन्नती आहेराच्या साड्या लावत होती. त्याने दार लोटलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, गोदामातले चार महिने, सगळे.

उन्नतीचा हात थांबला. “तुम्हाला तो आवडायचा?”

“हो.”

“आणि मी?”

“तू पण. तू आता. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, उन्नती. मलाच कळत न्हाय याला काय म्हणायचं.”

तिने एक साडी उलगडली, परत घडी घातली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज कोरडा होता. “लग्नाआधीचं हाय. मला वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. सांगायला तेरा वर्षं लावलीत, त्याचा राग जास्त आला. ते माझं मी बघेन.” मग तिने मान वर केली. “पण काल तो माणूस तुमच्यासाठी शिव्या खात उभा होता आणि तुम्ही दात काढत होतात. ते चार महिने मी विसरेन एखाद वेळ. कालचं हसणं कसं विसरू?”

देवेश तसाच राकेशच्या घरी गेला. राकेश ओट्यावर दाढी करत होता. “मी आत्ता जाऊन सगळ्यांपुढे बोलतो,” देवेश म्हणाला, “तू चल माझ्यासोबत.”

राकेशने गालावरचा फेस पुसला. “आज मृणालीची हळद हाय. तिचा दिवस हाय तो, तुझा न्हाय आणि माझा बी न्हाय. तमाशा करू नको. घरी जा, पाहुणे बघ.”

“तुला राग न्हाय आला माझा?”

“आला. खूप आला. पण रागापायी नाव घेतलं असतं, तर मग माझ्यात आणि विठूकाकात फरक काय?”

हळद झाली, लग्न झालं, मृणाली सासरी गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी मांडव सोडायचं काम चाललं होतं आणि तीच मंडळी त्याच खुर्च्यांवर चहा पीत होती. देवेश समोर जाऊन उभा राहिला.

“विठूकाका, त्या दिवशी तुम्ही एक नाव विचारत होतात. ते माझं नाव हाय. मी सामान द्यायला नव्हतो जात. राकेशने माझं नाव घेतलं न्हाय, म्हणून मी घेतो.”

केसरीनाथ पाटलांच्या हातातली बशी कलंडली. विठूकाकांचं तोंड उघडं ते उघडंच. कुणीतरी पुटपुटलं, “आरं, बायकापोरांचा धनी तू...” देवेश म्हणाला, “हाय ना. ते बी खरं हाय.” तो मागे सरला नाही. ओट्यावर उन्नती उभी होती. ती हसली नाही, रडली नाही. फक्त आत गेली नाही.

याने गाव बदललं असं कोणी समजू नये. केसरीनाथ पाटील दिवाळीपर्यंत मुलाशी बोलले नाहीत. आजही तुटक बोलतात. भावकीतल्या दोन घरांनी येणंजाणं तोडलं. बाजारात एकीने उन्नतीला खोदून विचारलं, “कशी गं राहतेस त्याच्यासंगं?” उन्नती म्हणाली, “तुमच्या नवऱ्याचा लग्नाआधी कुठं कुठं जीव जडला होता, ते विचारून या. मग माझं सांगते.” ती बाई परत आली नाही.

राकेशला हे कळलं तेव्हा तो देवेशवर चिडलाच. “मी तुझ्याकडं मागितलं होतं काय?”

“न्हाय मागितलं. म्हणून तर,” देवेश म्हणाला.

मग दोघं बऱ्याच वर्षांनी पूर्ण्याच्या त्या गोदामाबाहेर टपरीवर चहा प्यायला थांबले. समोर कंटेनर लागत होते. देवेशच्या मनात कधीचा प्रश्न होता. “मला माझंच कळत न्हाय, राकेश. मी कोण मग? तू स्वतःला काय म्हणतोस?”

मुंबईच्या एका संस्थेची माणसं मध्यंतरी राकेशला भेटायला आली होती, ते त्याने सांगितलं. “चांगली माणसं होती. स्टेजवर बोलवत होती. माझ्यासारख्यांना त्यांचा आधार वाटतो, मला बी वाटला. मी गेलो, बोललो. पण त्यांनी माझी वळख करून दिली ती सगळी त्याच एका गोष्टीची. मग मीच माईकवर सांगितलं, मी वायरमन हाय, दामू भालेरावांचा पोरगा हाय, कोनचा हाय, आणि नवशाचा हाय. यातलं नवशाचं काढून टाका म्हटलं तर मी उरत न्हाय, म्हणून ते लपवणार न्हाय. पण नुसतं तेवढंच ठेवा म्हटलं, तरी मी उरत न्हाय.” चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, “आणि तुझं म्हणशील, तर तुला शब्दाची घाई काय हाय? सापडला तर घे. न्हाय सापडला तर चार महिने होते, आता वहिनी हाय. सरळ चाल.”

राकेशने गेल्या वर्षी पडघ्याला दोन खोल्या घेतल्या. नवशाने दारावर दोघांची नावं रंगवली, ट्रकावर रंगवतात तशी, पिवळ्या अक्षरांना लाल सावली देऊन. रविवारी राकेश कोनच्या विहारात असतो. वस्तीतल्या बायकांना फ्यूज बांधायला, प्लग बसवायला शिकवतो. पहिल्या रविवारी तिघी आल्या होत्या, आता वीस येतात. पुतळाबाईंनी सत्तराव्या वर्षी स्वतःच्या घरचा स्विचबोर्ड बदलला आणि अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवला.

संक्रांतीनंतर कलावतीबाई पहिल्यांदाच पडघ्याला राहायला गेल्या. दामूकाका म्हणत होते, दोन दिवसांत परत येशील. त्या आठ दिवस राहिल्या. देवेश त्यांना आणायला गाडी घेऊन गेला, तेव्हा उन्नतीही सोबत होती. परतीच्या वाटेवर उन्नतीने विचारलं, “काय आई, कसं वाटलं तिकडं?”

कलावतीबाईंनी पदराने वारा घेतला. “घर बरं हाय. पाणी बी बरं. पर तो नवशा कालवणात किती खोबरं घालतो गं! माझ्या राकेशला सोसत न्हाय एवढं. मी सांगितलं तर हसतो नुसता. पुढच्या खेपेला मीच जाते नि आठ दिवस चुलीजवळ उभी राहते. त्याशिवाय काय त्याला शिस्त लागायची न्हाय.”